मंडळाच्या कार्यक्रमाला सिटीची ग्रँट: नेहमी येणारे प्रश्न

दर जुलैत फोन सुरू होतात. गणपती दीड-दोन महिन्यांवर आलेला असतो, पार्क किंवा शाळेचं सभागृह ठरलेलं असतं, ढोल पथकाला होकार गेलेला असतो, आणि कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी पिल्लू सोडलेलं असतं की "सिटी पैसे देते म्हणे." देते. फक्त जुलैत मागून सप्टेंबरात देत नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळांची खजिनदारी आणि अर्ज लिहिण्याची हमाली करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे उत्तरांसकट मांडले आहेत. सगळं अमेरिकेतल्या शहरांबद्दल आहे; सिटी म्हणजे इथली महापालिका. टोरांटो किंवा मेलबर्नवाल्यांनी आपापले नियम बघावेत. आणि इथलं काहीही तुमच्या सिटीच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकापेक्षा मोठं नाही.

सिटी आपल्याला पैसे का देईल?

पैसा कुठून येतो ते कळलं की अर्ज निम्मा लिहून झाला म्हणून समजा. बऱ्याच शहरांत तो हॉटेल करातून येतो. सॅन होजेत हॉटेलच्या बिलावर १० टक्के सिटीचा कर लागतो. त्यातले ६ टक्के एका वेगळ्या फंडात जातात, आणि कन्व्हेन्शन सेंटर, पर्यटन आणि कला-संस्कृतीची अनुदानं त्यातून भागतात. तिथे उत्सव, मिरवणुका आणि सोहळे यांच्यासाठी खास अनुदान आहे. टेक्ससमध्ये हॉटेल करात राज्याचे ६ टक्के असतात आणि त्यावर सिटी साधारण ७ टक्क्यांपर्यंत लावते. तो पैसा पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय वाढेल अशाच कामांवर, ठरवून दिलेल्या यादीतच खर्च करायचा, असं तिथल्या कर कायद्याचं ३५१ वं प्रकरण सांगतं. कला हा त्या यादीतला एक मान्य खर्च. ह्यूस्टनमध्ये सिटीच्या हॉटेल करातला १९.३ टक्के वाटा कलांसाठी राखलेला आहे आणि ह्यूस्टन आर्ट्स अलायन्स तो वाटते.

म्हणून अर्जात "गावाबाहेरून किती लोक येणार?" हा प्रश्न दिसला की वैतागू नका. २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था) अधिवेशन सॅन होजेला झालं तेव्हा देशभरातून लोक आले आणि हॉटेलांत उतरले. ते गणित सिटीला आपोआप कळतं. तुमच्या गावच्या मंडळाच्या गणपतीला बाहेरगावचे चाळीस पाहुणे येणार असतील आणि ते मेहुण्याच्या घरी गादी टाकून झोपणार असतील, तर तसंच लिहा. फुगवलेला आकडा परीक्षकांना लगेच कळतो. अशा वेळी हॉटेल कराऐवजी सर्वसाधारण बजेटमधून चालणारी वस्ती-पातळीवरची छोटी ग्रँट शोधावी.

हॉटेल कराचा आणखी एक गुण म्हणजे तो आटतो. २०२० साली हॉटेलं ओस पडली आणि ही अनुदानं जागोजागी कापली गेली. गेल्या वर्षी मिळाले म्हणून यंदा मिळतीलच असं धरून बजेट करू नये.

म्हणजे ही एक प्रकारची वर्गणीच ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. वर्गणी देणारा पावती घेतो, "बाप्पाला नमस्कार सांगा" म्हणतो आणि विषय संपतो. सिटीला असं करताच येत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेच्या १६ व्या कलमातला सहावा भाग सरकारी पैसा कोणालाही भेट द्यायला मनाई करतो. पैसा दिला तर बदल्यात जनतेचं काहीतरी काम व्हायला हवं. म्हणून ग्रँट मिळाली की पत्राबरोबर करारनामा येतो: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, सर्वांना खुला असलेला कार्यक्रम तुम्ही करून द्याल. तुम्ही सिटीचे कंत्राटदार झालात. पावती आता आपण द्यायची आहे, प्रत्येक खर्चाची.

कार्यक्रम सभासदांपुरताच ठेवला तर?

तर अर्ज करू नका. कार्यक्रम फुकट किंवा अगदी कमी तिकिटाचा हवा आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आत येता यायला हवं.

नियमात "सर्वांना खुला" लिहिणं सोपं आहे. एका वर्षी आमचा कार्यक्रम पार्कात होता. कुत्रा फिरवायला आलेल्या एक बाई तंबूपाशी थांबल्या, लेझीम बघत पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि आमच्या टेबलावरच्या मुलाला विचारलं, "हा खासगी कार्यक्रम आहे का?" तो बिचारा गोंधळून म्हणाला, "तसाच काहीसा." बाई कुत्र्याला घेऊन निघून गेल्या. करारावर माझी सही होती आणि मी तीन फुटांवर पाण्याच्या बाटल्या मोजत होतो. त्या टेबलावर सभासदांची यादी होती, पुढे "स्वागत" लिहिलेला बोर्ड होता, पण फक्त मराठीत. पुढच्या वर्षीपासून टेबलावर इंग्रजी आणि स्पॅनिश कळणारी माणसं बसवली, यादी आत नेली, आणि दहा लेझमी बाजूला ठेवल्या, येईल त्याच्या हातात द्यायला. परीक्षकांना अर्जात हेच वाचायचं असतं: वाटेने जाणारा माणूस तुमच्याकडे आला तर त्याला काय दिसेल आणि काय करता येईल.

गणेशोत्सव धार्मिक आहे म्हणून नाकारतील का?

नावावरून सहसा नाकारत नाहीत, खर्चाच्या ओळींवरून नाकारतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मिझुरीतल्या ट्रिनिटी लुथरन चर्चच्या खटल्यात निकाल दिला: सगळ्यांना खुली असलेली योजना (तिथे विषय मुलांच्या खेळाच्या मैदानाचा होता) केवळ संस्था धार्मिक आहे म्हणून नाकारता येणार नाही. हा निकाल घेऊन सिटी हॉलमध्ये भांडायला जाऊ नका. सरकारी पैशातून पूजा करता येईल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि कॅलिफोर्नियाची राज्यघटना तर धार्मिक कामाला सरकारी मदत द्यायला वेगळी मनाई करते. बहुतेक सिट्या आपल्या नियमांत "उपासनेसाठी पैसे वापरता येणार नाहीत" असं स्पष्ट लिहितात.

व्यवहारात याचं उत्तर दोन वह्या. मूर्ती, गुरुजींची दक्षिणा, दुर्वा-फुलं, प्रसाद हे मंडळाच्या पैशातून. स्टेज, साउंड, ढोल-ताशा, लेझीम, मुलांची शाडूच्या मातीची कार्यशाळा, फिरती शौचालयं, सिक्युरिटी हे ग्रँटमधून. दोन्हींची बिलंही वेगळी घ्या. एकाच डेकोरेटरकडून मखर आणि स्टेज घेतलंत आणि बिल एकच आलं, तर ते अख्खं बिल अडकू शकतं.

गणपती लपवू मात्र नका. माझ्या पहिल्या अर्जात मी हुशारी करून सगळीकडे "शरद ऋतूचा सांस्कृतिक मेळावा" असं लिहिलं होतं. सोबत जोडलेल्या पत्रकावर मात्र हातभर मोठा बाप्पा. छाननी करणाऱ्या अधिकारी बाईंनी विनयाने विचारलं, "हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत का?" गणेशोत्सव असंच लिहा आणि १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने तो घराबाहेर, सार्वजनिक जागेत रुजला, हे एका वाक्यात सांगा. सार्वजनिक हा शब्द तिथे खरंच कामाला येतो. दोन वाक्यं नकोत. परीक्षकांपुढे आणखी पन्नास-साठ अर्ज असतात.

मंडळ रजिस्टर्ड नाही. चालेल?

थेट मिळणं कठीण. बहुतेक ठिकाणी ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा लागतो. वार्षिक उत्पन्न ५०,००० डॉलरच्या आत आणि मालमत्ता अडीच लाख डॉलरच्या आत राहणार असेल तर आयआरएसचा (अमेरिकेच्या आयकर खात्याचा) छोटा फॉर्म १०२३-ईझेड चालतो. फी २७५ डॉलर. पूर्ण फॉर्मची फी ६०० डॉलर, आणि तो भरायला दोन वीकेंड व एक सहनशील सीए लागतो. तोवर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेच्या छत्राखाली अर्ज करता येतो. त्यांना व्यवस्थापनाचे काही टक्के द्यावे लागतात.

जुन्या मंडळांसाठी धोका वेगळा आहे. दर्जा आहे असं सगळ्यांना वाटत असतं आणि तो गेलेला असतो. लहान संस्थेला दरवर्षी ९९०-एन नावाची ऑनलाइन पोस्टकार्डवजा नोंद करावी लागते. सलग तीन वर्षं राहिली की दर्जा आपोआप रद्द. कार्यकारिणी दरवर्षी बदलते आणि आयआरएसची पत्रं तीन अध्यक्षांपूर्वीच्या माणसाच्या घरी जातात, तो डलासला राहायला गेलेला असतो. कॅलिफोर्नियात याशिवाय ॲटर्नी जनरलकडे धर्मादाय संस्था म्हणून दरवर्षीचं नूतनीकरण असतं. तिथे नावापुढे थकबाकीदाराचा शेरा लागला की सिटीचा अर्ज पहिल्याच चाळणीत पडतो. दोन्हीकडची नोंद आजच ऑनलाइन तपासा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि पत्ता बदला.

अर्ज कधी करायचा?

कार्यक्रमाच्या आधी सहा ते नऊ महिने धरून चला. म्हणजे गणपतीचा विचार संक्रांतीला.

सिटीचं आर्थिक वर्ष आधी विचारा. सॅन होजे, ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये ते १ जुलैला सुरू होतं. डलास आणि ऑस्टिनमध्ये १ ऑक्टोबरला. या दोन शहरांतल्या मंडळांची यात हमखास गल्लत होते, कारण गणपती एका आर्थिक वर्षात आणि दिवाळी पुढच्या. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन नोव्हेंबरात. दोन्ही एकाच अर्जात घातलेत तर एक कार्यक्रम मुदतीबाहेर जातो.

तारखेवरून एक वेगळी गंमत होते. "तुमचा सण दरवर्षी वेगळ्या तारखेला का?" हा प्रश्न मला तीन वेळा विचारला गेला आहे. अधिक मास समजावायला बसू नका. पुढच्या दोन वर्षांच्या तारखा अर्जातच देऊन टाका: २०२६ ला १४ सप्टेंबर, २०२७ ला ४ सप्टेंबर.

किती मिळतात?

पहिल्यांदा मागणाऱ्या मंडळाला काहीशे ते काही हजार डॉलर. सबंध कार्यक्रम त्यात उभा राहत नाही आणि राहावा अशी सिटीची अपेक्षाही नसते. बऱ्याच ठिकाणी जेवढं मागाल तेवढंच स्वतः घालावं लागतं.

इथे मंडळं स्वतःला उगाच गरीब समजतात. स्वयंसेवकांचा वेळ बऱ्याच सिट्या तुमच्या वाट्यात धरतात. इंडिपेंडंट सेक्टर ही संस्था दरवर्षी स्वयंसेवेच्या तासाचं मोल जाहीर करते. २०२३ साठी ते ३३.४९ डॉलर होतं. चाळीस कार्यकर्ते सहा तास राबले तर २४० तास, म्हणजे साधारण ८,०३८ डॉलर. मात्र तास लिहून ठेवलेले हवेत: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. सतरंज्या उचलणाऱ्या काकांना सही करायला लावणं हे त्या दिवसाचं सर्वांत अवघड काम असतं. ते हात झटकतात, "अरे, घरचं कार्य आहे, सही कसली!" त्या न केलेल्या सहीची किंमत दोनशे डॉलर असते. आणि अशा वस्तुरूप वाट्यावर काही सिट्या मर्यादा घालतात, तीही बघून घ्या.

पैसे आधी मिळतात की नंतर?

बहुतेक नंतर, किंवा थोडे आधी आणि बाकी अहवाल दिल्यावर. म्हणजे तेवढी रोकड मंडळाकडे आधीच हवी.

आमच्या बाबतीत एकदा एका सिटीने एक अख्खी ओळ कापली. ढोल पथकाला आम्ही रोख पैसे दिले होते, आणि पुरावा काय तर पथकप्रमुखाचा व्हॉट्सॲपवरचा निरोप: "मिळाले दादा 🙏". सिटीचं चुकलं असं म्हणता येणार नाही. तेव्हापासून नियम केला: ग्रँटमधला प्रत्येक खर्च मंडळाच्या चेकने किंवा कार्डाने, बिलावर मंडळाचं नाव, आणि बिलावरची तारीख करारावर सही झाल्यानंतरची. कराराआधी दिलेला ॲडव्हान्स सहसा धरत नाहीत. हॉल बुक करायची घाई असते हे खरं, पण ती रक्कम मग मंडळाच्या वहीत जाते.

कोणते खर्च चालतच नाहीत?

दारू, बक्षिसाची रोकड, निधी जमवण्यासाठीचं जेवण, आधीच्या वर्षाची तूट, राजकीय काहीही. भेटवस्तूही नाहीत, म्हणजे शाल-श्रीफळ मंडळाच्या खिशातून. भारतातून येणाऱ्या कलाकाराचं विमानभाडं आधी लेखी विचारून घ्या.

ग्रँट मिळाली म्हणजे परवानगी मिळाली ना?

नाही. ग्रँट एका खात्याची. पार्कचं परमिट, रस्ता बंद करण्याची परवानगी, आवाजाची परवानगी दुसऱ्यांची. बहुतेक ठिकाणी ४०० चौरस फुटांपेक्षा मोठ्या बंदिस्त तंबूला फायर खात्याची परवानगी लागते. विमा साधारण प्रत्येक घटनेमागे १० लाख डॉलरचा मागतात आणि पॉलिसीत सिटीचं नाव जादा विमाधारक म्हणून घालावं लागतं. ते नाव करारात आहे अक्षर न् अक्षर तसंच हवं. "सिटी ऑफ" अमुक एवढंच लिहिलं, "तिचे अधिकारी व कर्मचारी" राहिलं, म्हणून सर्टिफिकेट परत आलेलं मी पाहिलं आहे, कार्यक्रमाच्या आदल्या गुरुवारी.

घरी केलेले मोदक वाटता येतील?

सार्वजनिक कार्यक्रमात घरच्या स्वयंपाकघरातलं अन्न सहसा चालत नाही. हे खातं कॅलिफोर्नियात काउंटीच्या आरोग्य विभागाकडे असतं. तात्पुरत्या स्टॉलचं परमिट त्यांच्याकडून घ्यायचं आणि स्वयंपाक परवानाधारक किचनमध्ये करायचा किंवा केटररला द्यायचा. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर ठेवावा लागतो. इन्स्पेक्टर येतो तो थेट मसालेभाताच्या पातेल्यात थर्मामीटर खुपसतो, आणि वरून कितीही वाफ दिसली तरी तळाशी काटा ११८ वर थांबतो. तेव्हा झाकण उघडं ठेवून खोबरं-कोथिंबीर पेरत बसलेल्या वहिनींचा चेहरा बघवत नाही. भात फेकावा लागला. आता आम्ही लहान पातेली ठेवतो, झाकणासकट, आणि आमचं स्वतःचं थर्मामीटर.

उकडीच्या मोदकांचं काय, हा खरा प्रश्न असतो ते मी जाणतो. ज्यांना घरचेच हवेत त्यांनी घरच्या गणपतीला करावेत आणि मला बोलवावं. पार्कात प्रसाद म्हणून काय चालेल, ते परमिट घेताना इन्स्पेक्टरलाच विचारा.

विसर्जन?

सार्वजनिक तळ्यात किंवा समुद्रात परवानगीशिवाय नाही. शाडूची मूर्ती, मोठा टब, आणि माती नंतर बागेत. खर्च मंडळाचा.

निर्णय कोण घेतं? नगरसेवकाची ओळख लावावी का?

सहसा पाच-सात जणांची समिती गुण देते: कलाकार, स्थानिक संस्थांची माणसं, कधी आधी ग्रँट मिळालेले लोक. मराठी कोणालाच येत नाही. "लेझीम, फुगडी, पोवाडा सादर होतील" असं लिहिलंत तर त्यांच्या लेखी तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. "लेझीम म्हणजे लाकडी दांडा आणि साखळीतल्या चकत्या, साठ माणसं एका तालावर ती वाजवत नाचतात आणि शेवटच्या फेरीत प्रेक्षकांनाही शिकवतात" असं लिहिलं की चित्र उभं राहतं. कॅलिफोर्नियात १९५३ च्या ब्राउन कायद्यामुळे सिटी कौन्सिलने नेमलेल्या अशा समित्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात. अर्ज करण्याच्या आधीच्या वर्षी एकदा नुसतं जाऊन मागच्या खुर्चीवर बसा. कोणत्या अर्जाला गुण का कापले, ते तिथे कानाने ऐकायला मिळतं.

कौन्सिल सदस्याला कार्यक्रमाला जरूर बोलवा. काही शहरांत त्यांच्या हातात स्वतःच्या वॉर्डासाठी थोडा निधीही असतो. न्यूयॉर्क सिटी कौन्सिलचा तर प्रसिद्ध आहे. तो रीतसर मागावा. समितीवर वजन टाकायला मात्र सांगू नये. आणि निवडणुकीच्या वर्षी जपून: ५०१(सी)(३) संस्थेला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. एकालाच स्टेजवर बोलवून आरती त्याच्या हातात दिली आणि त्याने माइकवर मतं मागितली, तर फोटो आयुष्यभर राहतो आणि दर्जा धोक्यात येतो.

व्हीलचेअरवरच्या माणसांची सोय आमच्या खर्चाने करायची का?

हो, आणि ती ग्रँटमध्ये मागता येते. १९९० च्या एडीए कायद्याखाली (अपंगांच्या हक्कांचा कायदा) ती आवश्यकच आहे. गवतावर टाकायचे पट्टे, स्टेजला उतार, सोयीचं शौचालय. आपल्याच आजी-आजोबांना त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.

ऐनवेळी रद्द झाला तर?

सप्टेंबरात वणव्यांचा धूर असतो, टेक्ससमध्ये वादळ. करारात तारीख बदलण्याची अट आधी वाचा आणि रद्द करायच्या आधी सिटीला ई-मेल करा, नंतर नाही.

अहवालात काय द्यावं लागतं?

बिलं, फोटो, उपस्थिती आणि लोक कुठून आले त्याचा हिशेब. साधारण तीस दिवसांत, आणि नेमकी तीच वेळ असते जेव्हा सगळे दमून दिवाळी अंकाच्या जाहिरातींमागे लागलेले असतात. अहवाल उशिरा गेला की उरलेले पैसे अडकतात आणि पुढच्या वर्षीच्या अर्जावर त्याची सावली पडते.

डोकी मोजायला दोन दारांवर दोन मुलं आणि हातातला क्लिकर. लोक कुठून आले ते कळायला आम्ही फॉर्म भरून घ्यायचो, कोणी भरत नसे. मग एका ताईंनी सिटीचा मोठा नकाशा फोम बोर्डवर लावला आणि शेजारी टिकल्यांची पाकिटं ठेवली: आपल्या घराच्या जागी एक टिकली लावा. मुलं रांग लावतात, आई-बाबांना ओढत आणतात, आणि शेजारच्या गल्लीतला कुत्रेवालाही हसत एक लावून जातो. नकाशाचा फोटो त्याच संध्याकाळी काढून ठेवा. गाडीच्या डिकीत रात्रभर राहिला तर अर्ध्या टिकल्या गळून पडतात.